नोबुयो ओयामा : एका आवाजाची पुंजी

व्यापारी घरांत एक गोष्ट लहानपणापासून कानावर पडते : पेटीत पडून राहिलेला पैसा वाढत नाही, तो फिरवावा लागतो. तोक्यो शहरात, महायुद्धानंतरच्या ओढग्रस्तीच्या दिवसांत, एका आईने आपल्या मुलीला जवळपास हेच सांगितले. फरक इतकाच, की त्या घरी पुंजी म्हणून होता तो मुलीचा आवाज, आणि मुलीला त्याची अतोनात लाज वाटत होती.

त्या मुलीचे नाव नोबुयो. पुढे सव्वीस वर्षे जपानमधील कोट्यवधी मुलांनी जो आवाज ‘डोरेमॉन’चा म्हणून ओळखला, तो तिचाच. दप्तरावर आणि पाण्याच्या बाटलीवर दिसणारे ते निळे, गोल, कान नसलेले मांजर मराठी घरांतील आजी-आजोबांनाही परिचयाचे आहे. त्याला आपल्या कंठातून जन्मभराचे व्यक्तिमत्त्व देणाऱ्या स्त्रीची ओळख मात्र आपल्याकडे फारशी कोणाला नाही.

नोबुयो ओयामा यांचा जन्म १६ ऑक्टोबर १९३३ रोजी तोक्योच्या शिबुया भागात झाला. युद्ध संपले तेव्हा त्या अकरा वर्षांच्या होत्या आणि त्यांचे शहर बॉम्बवर्षावात जळून गेलेले होते. आवाज जन्मतःच जाडा, किंचित घोगरा आणि मुलग्यासारखा. घरात आणि प्राथमिक शाळेत त्याचे कोणाला वावगे वाटले नव्हते. वरच्या शाळेत मात्र नवी मुले भेटली, आणि नोबुयोने तोंड उघडताच वर्गात हशा पिकला. मुलगी असून हा कसला आवाज, अशी कुजबूज सुरू झाली. त्या वयात थट्टा किती खोल जाते, हे सांगायला नको. मुलीने बोलणेच कमी केले. उत्तर ठाऊक असले तरी हात वर करायचा नाही, कोणी विचारले तर मानेनेच होकार द्यायचा, असे दिवस सुरू झाले.

आईच्या ते ध्यानात आले. अशा वेळी आई काय करते? जवळ घेते, दुर्लक्ष कर म्हणते, फार तर शाळेत जाऊन तक्रार करते. या आईने वेगळेच केले. दुबळी वाटणारी गोष्ट झाकून ठेवली तर ती अधिकच दुबळी होते, तेव्हा आवाज लपवू नकोस, जेथे बोलावे लागते अशा ठिकाणी जाऊन तो भरपूर वापर, अशा आशयाचे तिने सांगितले. नोबुयो ओयामा यांनी पुढे आयुष्यभर हा प्रसंग वारंवार सांगितला. शाळेत आकाशवाणीसारखे कार्यक्रम करणारे एक विद्यार्थी मंडळ होते. आईचे ऐकून मुलगी त्यात दाखल झाली. ज्या आवाजाला वर्ग हसत होता, तोच आता ध्वनिक्षेपकातून साऱ्या शाळेला ऐकू जाऊ लागला. थट्टा लगेच थांबली असेल असे नाही. पण मुलीचे बोलणे पुन्हा सुरू झाले. मुलीचा पुढचा उत्कर्ष पाहायला ही आई राहिली नाही.

शिक्षणानंतर नोबुयो यांनी ‘हाइयूझा’ या नामवंत नाट्यसंस्थेच्या प्रशिक्षण विद्यालयात अभिनयाचे धडे घेतले. १९५० च्या दशकाच्या मध्यावर जपानमध्ये दूरचित्रवाणी नुकतीच घराघरांत शिरू लागली होती. परदेशी मालिकांना जपानी आवाज द्यायला माणसे हवी होती, मुलांच्या कार्यक्रमांसाठी हवी होती. चित्रपटांतील मोठे नट अशा कामाकडे वळत नसत. रंगभूमीवर उमेदवारी करणाऱ्या तरुण नटनट्यांना त्यातून चार पैसे मिळत. आज जपानमध्ये आवाजाच्या नटाला ‘सेइयू’ म्हणतात; ‘सेइ’ म्हणजे आवाज आणि ‘यू’ म्हणजे नट. त्यांची छायाचित्रे विकली जातात, गाण्यांच्या मैफली भरतात, त्या विद्येची स्वतंत्र विद्यालये आहेत. तेव्हा यांतले काही नव्हते. हा मुख्य व्यवसाय नव्हता, जोडधंदा होता, आणि तोही जरा हलका समजला जाणारा.

१९६० मध्ये जपानच्या सार्वजनिक दूरचित्रवाणीवर, म्हणजे एनएचकेवर, डुकराच्या तीन पिलांची एक बालमालिका सुरू झाली. तिचे नाव ‘बू-फू-ऊ’. बू सतत कुरकुरणारा, फू लवकर दमणारा, ऊ कष्टाळू. कुरकुऱ्या बूचा आवाज नोबुयो ओयामा यांचा होता. कष्टाळू ऊचा आवाज देणारी तरुणी मराठी वाचकांना चांगली ठाऊक आहे, फक्त या रूपात नव्हे. ती म्हणजे तेत्सुको कुरोयानागी. ‘तोत्तोचान’ हे पुस्तक मराठीत आले आणि असंख्य शिक्षकांनी व पालकांनी ते वाचले; त्याच या लेखिका. त्यांनाही एनएचकेतील आरंभीच्या दिवसांत बोलण्याच्या आगळ्या ढबीमुळे बरेच ऐकून घ्यावे लागले होते. चारचौघींसारखा आवाज नसलेल्या, एकाच वर्षी जन्मलेल्या दोघी डुकराच्या पिलांच्या रूपाने एकत्र आल्या आणि सात वर्षे त्या पिलांनी जपानी मुलांना हसविले. १९३३ हे वर्षही मोठे विलक्षण! ऑगस्टमध्ये कुरोयानागी, ऑक्टोबरमध्ये ओयामा, आणि डिसेंबरमध्ये तोयामा प्रांतातील ताकाओका येथे हिरोशी फुजिमोतो नावाचा एक मुलगा जन्मला. हाच पुढे फुजिको एफ. फुजिओ या टोपणनावाने डोरेमॉनची चित्रकथा लिहिणार होता.

या काळातच १९६४ मध्ये नोबुयो यांनी केइसुके सागावा या नटाशी विवाह केला. सागावा त्यांच्याहून तीन-चार वर्षांनी लहान. संसाराला सुरुवातीलाच मोठे दुःख सोसावे लागले. पहिले मूल मृत जन्मले. दुसरी मुलगी अपुऱ्या दिवसांची झाली आणि सुमारे तीन महिन्यांतच गेली. त्यानंतर त्यांना अपत्य झाले नाही. जिच्या आवाजावर देशभरातील मुले झोपायच्या आधी हसणार होती, तिच्या स्वतःच्या घरात पाळणा हलला तो एवढाच. नोबुयो यांनी या गोष्टीचे भांडवल कधी केले नाही.

काम चालूच होते. १९६५ मध्ये ‘हसल पंच’ या चलच्चित्र मालिकेत त्यांना नायकाचा आवाज मिळाला. १९६९ च्या ऑक्टोबरमध्ये ‘साझाए-सान’ ही कौटुंबिक मालिका सुरू झाली. आजही दर रविवारी चालू असलेल्या या मालिकेत कात्सुओ या खोडकर मुलाचा पहिला आवाज ओयामा यांचाच होता. मात्र काही महिन्यांतच ती भूमिका दुसऱ्या अभिनेत्रीकडे गेली. १९७७ च्या ‘झाम्बोत ३’ या यंत्रमानवांच्या युद्धकथेत त्यांनी काप्पेई या मुलाचे काम केले. मुलग्यांच्या भूमिका स्त्रियांकडून करवून घेण्याची जपानमध्ये तेव्हाही रीत होती आणि आजही आहे. त्यामागचे कारण व्यवहारी आहे. खऱ्या मुलाचा आवाज बारा-तेरा वर्षांनंतर फुटतो, मालिका मात्र पुढे चालतच राहते.

आता डोरेमॉनकडे यावयास हवे. चित्रकथा प्रथम छापली गेली ती १९६९ च्या अखेरीस, शाळकरी मुलांच्या मासिकांतून. बाविसाव्या शतकातून आलेला एक मांजररूपी यंत्रमानव अभ्यासात ढ, खेळात मागे आणि रडका असलेल्या नोबिता नावाच्या मुलाच्या घरी येऊन राहतो. पोटावरच्या खिशातून तो चमत्कारिक वस्तू काढून देतो, आणि नोबिता त्यांचा असा काही वापर करतो की संकट दुप्पट होते. या कथेत डोरेमॉनही परिपूर्ण नाही. तो कारखान्यातील सदोष माल आहे. यांत्रिक उंदराने त्याचे कान कुरतडले आहेत आणि मांजर असून तो उंदरांना भितो. दोन उणी जिवंत माणसे – एक खरे, एक यंत्राचे – एकमेकांना सांभाळून घेतात, इतकीच ही गोष्ट. ‘दोरायाकी’ ही त्याची आवडती मिठाई. दोन गोड पोळ्यांच्या मध्ये शिजवून गोड केलेल्या तांबड्या घेवड्यासारख्या दाण्यांचे पुरण घातलेली. पुरणपोळी खाणाऱ्या माणसाला ती परकी वाटू नये.

दूरचित्रवाणीवरचा पहिला प्रयत्न १९७३ मध्ये झाला. तेव्हा डोरेमॉनला आधी कोसेई तोमिता या पुरुष नटाने आणि नंतर मासाको नोझावा यांनी आवाज दिला. नोझावा यांनी पुढे ‘ड्रॅगन बॉल’मधील गोकूला आवाज देऊन जगभर कीर्ती मिळविली. १९७३ ची ती मालिका मात्र सहा महिन्यांतच बंद पडली. गुणी माणसे हाताशी असूनही दुकान चालत नाही, असे कधी कधी होते.

दुसरा प्रयत्न २ एप्रिल १९७९ रोजी, सोमवारी सुरू झाला. सोमवार ते शनिवार, रोज संध्याकाळी सातच्या आधीची दहा मिनिटे, इतकीच वेळ मिळाली होती. ओयामा तेव्हा पंचेचाळीस वर्षांच्या होत्या. या वयात बहुतेक नट्यांकडे आईच्या, आत्याच्या भूमिका येऊ लागतात.

भूमिका स्वीकारल्यावर त्यांनी मूळ कथा वाचल्या आणि पात्राचा विचार केला. हा विचार हेच त्यांचे खरे मोठेपण. कोणता आवाज काढू, कसा काढू, असा प्रश्न त्यांनी स्वतःला घातलाच नाही; आवाज जवळजवळ आपला स्वतःचाच ठेवला. शाळेत ज्याला मुले हसली होती, तोच. त्यांनी प्रश्न घातला तो असा : हा यंत्रमानव कशासाठी बनविला गेला? मूल सांभाळण्यासाठी. मग ज्यांनी तो बनविला, त्यांनी त्याच्यात वाईट शब्द भरले असतील काय? नाहीत. तो भेटल्याबरोबर नमस्कार करील, आपले नाव सांगील, रागावला तरी शिवी देणार नाही. म्हणून संहितेत नसलेले एक अभिवादन त्यांनी आपण होऊन म्हटले : नमस्कार, मी डोरेमॉन. हे वाक्य पुढे त्या पात्राची ओळख बनले. जपानमध्ये ते इतके रुळले, की नकलाकारांना डोरेमॉनची नक्कल करायला तेवढे एकच वाक्य पुरे होई.

सोबतच्या कलावंतांनीही हा विचार उचलून धरला. नोबिताचा आवाज नोरिको ओहारा, शिझुकाचा मिचिको नोमुरा, दांडगट जियानचा काझुया तातेकाबे आणि फुशारक्या मारणाऱ्या सुनेओचा कानेता किमोत्सुकी. जियान तर कथेत सदैव मारहाणीच्या धमक्या देणारा. तरीही धमकी द्यायची ती ऐकून मुलांना हसू यावे अशी, आणि घरातील लहान मुलाने ती उचलली तर आईला शरम वाटू नये अशी, याकडे या मंडळींनी लक्ष ठेवले. संहितेत खटकणारा शब्द आला, तर तो ध्वनिमुद्रणाच्या वेळीच बदलला जाई. कोणी नियम केला नव्हता, वरून हुकूम आला नव्हता. पाच जणांनी मिळून वाणीची एक मर्यादा घालून घेतली आणि ती पाव शतक पाळली. मुलांच्या कार्यक्रमांत किंचाळणे आणि अपशब्द म्हणजेच विनोद, असे मानण्याची सवय लागलेल्या आजच्या काळात हे थोडे अविश्वसनीय वाटते.

मूळ लेखकाला हा आवाज कसा वाटला असेल, याची ओयामा यांना धास्ती होती. फुजिमोतो अबोल, भिडस्त गृहस्थ. ध्वनिमुद्रणाच्या ठिकाणी ते आले, तेव्हा आवाज बरा वाटतो ना, असे त्यांनी विचारले. डोरेमॉनचा आवाज असा होता तर, अशा अर्थाचे उत्तर त्या लेखकाने दिले. निर्मात्याला आपल्याच मानसपुत्राचा आवाज दुसऱ्याच्या कंठातून प्रथम कळावा, यापरते प्रशस्तिपत्र कोणते? ही आठवण ओयामा यांनी जन्मभर जपली. फुजिमोतो १९९६ मध्ये वारले. मालिका पुढे चालू राहिली.

या कामाची रीत थोडी समजून घेतली, म्हणजे त्यातील कष्ट ध्यानात येतात. जपानमध्ये चलच्चित्राचे चित्र आधी तयार होते आणि आवाज मागाहून भरला जातो. एका बंद खोलीत पडद्यावर चित्र चालू असते. समोर तीन-चार मायक्रोफोन उभे असतात आणि मागे बाकांवर सारे नट हातांत संहिता घेऊन बसलेले असतात. आपले वाक्य जवळ आले की उठायचे, आवाज न करता मायक्रोफोनपुढे जायचे, पडद्यावरच्या पात्राचे ओठ हलू लागताच बोलायचे आणि ओठ मिटताच थांबायचे, मग तितक्याच निःशब्दपणे बाजूला होऊन दुसऱ्याला जागा द्यायची. कागद उलटताना सळसळ चालत नाही. सळसळणारे कापड अंगावर चालत नाही, बांगड्या चालत नाहीत, भुकेने पोट गुरगुरले तरी ते मुद्रित होते. एका डोळ्याने कागद, दुसऱ्याने पडदा. चेहरा, हातवारे, वेशभूषा यांपैकी कशाचाही आधार नाही. वर्षानुवर्षे एकाच खोलीत असे एकमेकांच्या श्वासाच्या अंदाजाने वावरल्यावर त्या पाच जणांत घरोबा निर्माण झाला, यात नवल नाही.

दहा मिनिटांचा कार्यक्रम १९८१ पासून दर शुक्रवारचा अर्ध्या तासाचा झाला. १९८० पासून दर वसंत ऋतूत एक चित्रपट येऊ लागला. ओयामा यांच्या आवाजातील असे पंचवीस चित्रपट झाले. शाळेला सुट्टी लागली की डोरेमॉनचा चित्रपट पाहायला जायचे, हा अनेक जपानी कुटुंबांचा परिपाठ ठरला. ज्या मुलांनी पहिला चित्रपट आईवडिलांच्या बोटाला धरून पाहिला, त्यांनी शेवटचे चित्रपट आपल्या मुलांना दाखविले. पडद्यामागचा आवाज तोच होता.

या यशाची किंमतही होती. डोरेमॉनचा आवाज दुसऱ्या पात्राच्या तोंडी ऐकून मुले गोंधळतील, म्हणून ओयामा यांनी आवाजाची इतर कामे बव्हंशी नाकारली. नटाला हे सोपे नाही. भूमिका बदलत राहणे हा त्याचा धर्म आणि चरितार्थही. चाळिशीच्या मध्यावर, सर्व तऱ्हेच्या भूमिका करण्याची ताकद अंगी असताना, त्यांनी एका निळ्या मांजराशी इमान राखले. त्यात तोटा झाला नाही असे म्हणणे खोटे ठरेल. त्यांनी कात्सुओ केला होता, काप्पेई केला होता. अशा आणखी किती जणांचे आवाज ऐकायचे राहून गेले, याचा हिशेब कोण मांडणार?

त्यांचे घरातले रूप कसे होते? खाण्याखिलवण्याची मोठी हौस. पाहुण्यांना चटपटीत पदार्थ करून वाढण्यात त्यांचा हात कोणी धरत नसे. १९८१ मध्ये निघालेले त्यांचे पाककृतींचे पुस्तक भरपूर खपले. दुसरी हौस मात्र कोणाला सांगितली तर खरी वाटू नये. चेंडू मारून विटा फोडण्याचा ‘आर्कनॉइड’ नावाचा एक यंत्रखेळ १९८६ मध्ये निघाला. पन्नाशी ओलांडलेल्या ओयामाबाई त्यात इतक्या रमल्या, की पट्टीच्या खेळाडू म्हणून त्यांची ख्याती झाली. खेळघरात शाळकरी पोरांच्या गराड्यात उभे राहून विटा फोडणाऱ्या या बाईंच्या तोंडून एखादा उद्गार निघाला, तर त्या पोरांचे काय होत असेल!

२००१ मध्ये त्यांना आतड्याच्या कर्करोगाने गाठले. शस्त्रक्रिया झाली, त्या कामावर परतल्या. पण आपल्यानंतर काय, हा प्रश्न त्यांच्या मनात उभा राहिला. पेढी कितीही भरभराटीची असो, गादीवरच्या माणसाने किल्ल्या केव्हा सोपवाव्या, हा प्रश्न ज्यांच्या घरांत पिढ्यान् पिढ्या आला आहे, त्यांना तो समजावून सांगण्याची गरज नाही. किल्ल्या उशिरा सोपवल्या तर पुढचा माणूस कच्चा राहतो. अचानक सोपवाव्या लागल्या तर गिऱ्हाईक बिथरते. डोरेमॉनच्या बाबतीत गिऱ्हाईक होते चार-पाच वर्षांचे, आणि आपल्या मित्राचा आवाज एकाएकी बंद पडावा, हे त्याला कोणत्या शब्दांत समजावणार? अखेर पाचही मुख्य कलावंतांनी एकत्रच निवृत्त व्हायचे ठरले. १८ मार्च २००५ च्या शुक्रवारी त्यांच्या आवाजातील अखेरचा नियमित भाग प्रसारित झाला. सव्वीस वर्षांत दीड हजारांहून अधिक भाग झाले होते. ओयामा एकाहत्तर वर्षांच्या होत्या. एप्रिलमध्ये वासाबी मिझुता या अभिनेत्रीने नव्या सहकाऱ्यांसह मालिका पुढे सुरू केली. सुरुवातीला जुन्या प्रेक्षकांनी नाके मुरडली. नव्या मुलांना मात्र दुसरा आवाज ठाऊकच नव्हता, आणि मिझुता यांनाही त्या जागेवर वीस वर्षे उलटून गेली.

भारतातली गंमत निराळीच. इकडे हिंदीतला डोरेमॉन हंगामा वाहिनीवर आला तोही २००५ च्या सुमारास, म्हणजे तिकडे ओयामाबाई निरोप घेत असताना. आपल्या मुलांनी आरंभी पाहिली ती चित्रे त्या जुन्या मालिकेचीच, ओयामा यांच्या काळची. पण आवाज सोनल कौशल या दिल्लीकडच्या मुलीचा, जी तेव्हा स्वतःच शाळकरी होती. सांगली-सोलापूरपासून नाशिकपर्यंतची लहान मुले ते पाहून घरात हिंदी बोलू लागली, हे आईवडिलांनी कधी कौतुकाने, कधी कपाळाला आठ्या घालून पाहिले. ज्या स्त्रीच्या श्वासाच्या लयीशी त्या चित्रांची ओळख जुळली होती, तिचा आवाज मात्र या मुलांच्या कानी कधीच पडला नाही.

निवृत्तीनंतर, २००६ मध्ये, ओयामा यांनी आत्मकथन लिहिले. त्याच्या जपानी नावाचे मराठी रूप करायला गेले तर मोठीच अडचण येते. जपानीत ‘मी’ या अर्थाचे अनेक शब्द आहेत, आणि डोरेमॉन वापरतो तो ‘बोकु’ हा शब्द मुलग्यांचा. क्रियापदाला मात्र तिथे लिंग नाही. मराठीत नेमके उलटे. म्हणून त्या नावाचे ‘मी डोरेमॉन होतो’ असे भाषांतर करावे तर लिहिणारी बाई हरवते, आणि ‘मी डोरेमॉन होते’ असे करावे तर मांजर हरवते. जपानी शीर्षकात दोघेही एकत्र नांदतात.

२००७ पासून त्यांनी तोक्योतील ध्वनिकला शिकविणाऱ्या एका विद्यालयाचे प्राचार्यपद सांभाळले. २००८ मध्ये मेंदूच्या रक्तप्रवाहात गुठळी होऊन त्या आजारी पडल्या. त्यातून सावरून २०१० मध्ये ‘दांगानरोम्पा’ या संगणकीय खेळात त्यांनी मोनोकुमा या अर्ध्या काळ्या, अर्ध्या पांढऱ्या अस्वलाला आवाज दिला. हे अस्वल अत्यंत दुष्ट. शाळकरी मुलांना एकमेकांच्या जिवावर उठायला लावणारे. आणि त्याचा आवाज? तोच, ओळखीचा, खेळकर. ज्या पिढीने त्या आवाजावर बालपणी विश्वास टाकला होता, ती आता मोठी झाली होती, आणि त्याच आवाजातील क्रौर्य ऐकून तिच्या अंगावर काटा आला. सव्वीस वर्षे दाराबाहेर ठेवलेला खलनायक त्यांनी सत्तरी उलटल्यावर घरात घेतला. तो त्यांनी मनापासून रंगविला, हे ऐकणाऱ्यास कळते.

पुढचा भाग सांगणे जड जाते. २०१२ मध्ये ओयामा यांना अल्झायमर्सचा, स्मृती पुसत नेणारा, विकार असल्याचे निदान झाले. पती सागावा यांनी ही गोष्ट जगापासून दडवून ठेवली. मुलांच्या लाडक्या आवाजाची ही अवस्था उघड करू नये, असे त्यांना वाटत होते. मूल नाही, हाताशी येणारे जावई-सुना नाहीत. स्वतः आजारी असलेला एक वृद्ध नट आणि दिवसेंदिवस लहान होत चाललेली त्याची पत्नी, एवढेच ते घर. चुलीवर ठेवलेले भांडे विसरले जाऊ लागले. ज्या हातांनी पाककृतींचे पुस्तक लिहिले, त्यांचा स्वयंपाक सुटला. आपण एके काळी डोरेमॉन होतो, हीदेखील गोष्ट मनातून निसटू लागली.

अखेर एका जुन्या मित्राच्या सांगण्यावरून सागावा यांनी मे २०१५ मध्ये रेडिओवर हे सारे प्रकट केले. त्यानंतर त्यांनी पुस्तकही लिहिले. त्याच्या नावाचा अर्थ असा : ‘माझी मुलगी झालेल्या पत्नीस, नोबुयोस’. लपविण्यात जे ओझे होते, ते बोलल्यावर हलके झाले, असे त्यांनी सांगितले. जपानमध्ये अशा रुग्णांची सेवा करणारी, तोंडातून ब्र न काढणारी असंख्य कुटुंबे होती. ती वाचून त्यांना आपणही एकटे नाही असे वाटले. विकार लपवून ठेवण्याची रीत आपल्याकडच्या प्रतिष्ठित घरांतही कमी नाही. ‘आजींना हल्ली जरा विसरायला होते’ या एका वाक्याआड काय काय झाकले जाते, ते घरातील सुनेलाच ठाऊक असते.

सागावा यांची एकच इच्छा होती : पत्नीआधी आपण जाऊ नये. २०१६ मध्ये त्यांनाच मूत्रमार्गाचा कर्करोग झाल्याचे कळले. पत्नीला वृद्धसेवा केंद्रात ठेवणे भाग पडले. इच्छा पुरी झाली नाही. ११ जुलै २०१७ रोजी, ऐंशीव्या वर्षी, ते गेले.

ओयामा त्यानंतर सात वर्षे जगल्या. त्या पाच जणांच्या घरोब्यातील जियान २०१५ मध्ये आणि सुनेओ २०१६ मध्ये गेला होता. नोबिताचा आवाज असलेल्या नोरिको ओहारा १२ जुलै २०२४ रोजी निवर्तल्या. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला, वार्धक्यामुळे, नोबुयो ओयामा यांनी शांतपणे डोळे मिटले. बातमी जाहीर झाली ती ११ ऑक्टोबरला. आणखी पाच दिवसांनी त्यांना एक्क्याण्णव वर्षे पूर्ण झाली असती. त्या दिवशी जपानच्या वृत्तवाहिन्यांवर जुनी चित्रे दाखविली गेली, आणि साठीला आलेली माणसे त्यांच्या नातवंडांसह पडद्यासमोर बसून तो जाडा, किंचित घोगरा आवाज ऐकत होती.